साडूची एकोणीस नावं

साडू हे नातं ज्याने कुणी शोधून काढलं, त्याला माणसं एकमेकांशी ताडून बघायची भारी हौस असली पाहिजे. भाऊ निदान लहानपणी आपल्याबरोबर मार खाल्लेला असतो, मित्र आपण निवडलेला असतो. साडू मात्र आयता येतो, आपल्याच सासऱ्यांच्या कोचावर आपल्या शेजारी बसतो, आणि तेव्हापासून सगळं घर एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहतं. मास्तरांचा साडू तर त्यांच्या ऑफिसातही होता. आणि त्याला तिथे चिकटवणारे खुद्द मास्तरच होते.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. इस्पितळांच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत ते एकवीस वर्षं प्रोग्रामर होते. नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्यांनीच काम शिकवलं, म्हणून मास्तर. कुठे काही अडलं की लोक त्यांच्याकडे येत, आणि एखादी गोष्ट मास्तरांनी बघितली आहे असं कळलं की पुन्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पगार बेताचा होता, केस विरळ झाले होते, उजवा गुडघा कुरकुरत होता. पण आपण बघितलंय म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा सैल पडतो, हे बघण्यातच मास्तरांना सगळं भरून पावायचं.

दोन वर्षांपूर्वी साडूची आधीची नोकरी गेली, तेव्हा मास्तरांच्या बायकोने जेवताना विषय काढला. "माझी धाकटी बहीण तिकडे रडकुंडीला आलीय, आणि तुमच्या तोंडून दोन शब्द निघत नाहीत?" मास्तरांनी दोन शब्द काढले. पहिल्या दिवशी त्याला खोलीत आणून त्यांनी ओळख करून दिली, "हा माझा साडू," आणि त्या दिवसापासून अख्खं ऑफिस त्याला साडूच म्हणायला लागलं. दारावरचा रखवालदारसुद्धा म्हणायचा, "साडू, आज उशीर?"

इथवर ठीक होतं. पण साडू हुशार निघाला. नुसता हुशार असता तरी मास्तरांनी पचवलं असतं. हा हुशार असून गोड होता. चूक दाखवताना "मला वाटतं, माझंच काही चुकत असेल" अशी सुरुवात करायचा. सगळ्यांचे वाढदिवस त्याच्या लक्षात. पूर्वी सासऱ्यांचा फोन बिघडला की ते मास्तरांना हाक मारत. आता म्हणत, "तुम्ही कशाला त्रास घेता? धाकट्यांना विचारतो." हे ते काळजीने म्हणत, आणि मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होई.

त्यात विभागप्रमुख बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. खुर्ची कुणाची, हे कुणी बोलत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी असं न बोलण्याचीही गरज नव्हती. तेव्हा सगळे धरून चालले होते की मास्तरांची. आता मात्र लोक खुर्चीचा विषय निघाला की चहाच्या कपात बघायला लागले होते.

अशा दिवसांत इस्पितळाची तक्रार आली.

प्रयोगशाळेत रक्त तपासणारं मशीन असतं. मशीनमधून निघालेला रिपोर्ट रुग्णाच्या फायलीत नेऊन टाकायचं काम एक छोटा प्रोग्राम करतो. तो मास्तरांच्या कंपनीने लिहिलेला नव्हता, बाहेरून विकत घेतलेला होता. ऑफिसात त्याला पोस्टमन म्हणत. हा पोस्टमन इतकी वर्षं मुकाट काम करत होता, आणि अलीकडे रोज दोन-तीन रिपोर्ट वाटेत हरवायला लागला होता. मशीन म्हणे दिला, फाइल म्हणे आलाच नाही. मग त्या माणसाला परत बोलवायचं, परत सुई टोचायची. महिनाअखेरीपर्यंत कारण सापडलं नाही तर तुमचं सगळंच काढून टाकू, असं इस्पितळाने स्पष्ट लिहिलं होतं.

पोस्टमन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. फोन उचलणारं कुणी नव्हतं, मूळ मजकूर कुणाकडे नव्हता. वकिलांनी कागदपत्रं चाळून, उलगडून बघायला हरकत नाही, असं लिहून दिलं. तेव्हा उरला एकच मार्ग, तो म्हणजे डिकंपायलर. प्रोग्राम लिहिताना माणसाला वाचता येईल असा लिहितात आणि विकताना यंत्राला कळेल अशा आकड्यांत दळून विकतात. डिकंपायलर ते आकडे उलटे फिरवून पुन्हा वाचण्याजोगा मजकूर काढून देतो. काढून देतो, पण त्यातली नावं गेलेली असतात. लिहिणाऱ्याने एखाद्या तुकड्याला 'रिपोर्ट उचल' असं छान नाव दिलेलं असलं, तरी तुमच्या हाती येतो तो 'ए', त्याच्या पुढचा 'बी', त्याच्या पुढचा 'सी'. भरलेल्या घरात शिरावं, सगळी माणसं हजर असावीत आणि कोण कुणाचा कोण हे सांगायला एकही तयार नसावा, तसा प्रकार.

पोस्टमनमध्ये असे एकशे बेचाळीस तुकडे निघाले. बाईंनी काम मास्तर आणि साडू या दोघांना दिलं. "तुमचं घरचंच आहे," त्या हसून म्हणाल्या, "भांडलात तरी बाहेर जाणार नाही."

अशा कामाची पद्धत मास्तरांनीच वर्षांपूर्वी घालून दिली होती. एक सामाईक तक्ता. तुकडा वाचायचा, तो काय करतो हे समजलं की त्याला नाव द्यायचं. नुसता अंदाज असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह. एकेक ओळ वाचून, तुकडा चालवून, खात्री पटली की मगच प्रश्नचिन्ह पुसायचं. प्रश्नचिन्ह नसलेल्या नावाकडे दुसऱ्याने परत बघायचं नाही, नाहीतर काम कधी संपायचंच नाही. कुणी कधी काय पुसलं याची नोंद ठेवायची सोय त्या तक्त्यात करता आली असती. मास्तरांनी ती मुद्दाम केली नव्हती. आपल्या माणसांवर तेवढा भरवसा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तरांच्या रांगा निळ्या, साडूच्या हिरव्या, आणि तळाशी कुणाची किती पक्की नावं झाली ते आपोआप यायचं. बाई रोज संध्याकाळी पाच वाजता येऊन तो तळ बघायच्या.

सोमवारी चार-चार झाली. मंगळवारी मास्तर आठ, साडू अकरा. बुधवारी दुपारी चार वाजता मास्तरांनी तळाकडे नजर टाकली, तर निळी अकरा आणि हिरवी एकोणीस.

एकोणीस! मास्तरांनी साडूची नावं एकेक करून वाचून काढली. 'पाकीट फोड'. 'पत्ता तपास'. 'आलेलाच आहे का'. नावंही अशी, की वाचताक्षणी समजावं. त्यांत एखादं तरी उथळ निघावं म्हणून त्यांनी तीन तुकडे स्वतः उघडून बघितले, वास्तविक ते पद्धतीत बसत नव्हतं. तिन्ही चोख होते. मास्तरांनी ते मुकाट्याने बंद केले. पलीकडे साडू कीबोर्डवर बोटं नाचवत शीळ घालत होता, तीही सुरात.

मास्तरांच्या रांगांमध्ये प्रश्नचिन्ह असलेली चार नावं होती. अंदाज साधे होते, बरोबरच असणार होते. एकाचं नाव त्यांनी 'घड्याळ?' असं ठेवलं होतं. सात ओळींचा तुकडा; पहिल्या दोन ओळींत तो कॉम्प्युटरला वेळ विचारत होता. वेळ विचारतो म्हणजे घड्याळ, त्यात आणखी काय असणार? पाचला दहा मिनिटं होती. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि चारही प्रश्नचिन्हं पुसून टाकली. तळाशी निळी पंधरा झाली. पंधरा-एकोणीस म्हणजे मागे असलो तरी लाज वाटावी इतके नाही.

बाई आल्या, तळ बघितला, "दोघंही जोरात आहात," म्हणाल्या आणि गेल्या. पुसलेली चिन्हं घरी जायच्या आधी परत घालू, असं मास्तरांनी ठरवलं होतं. पण घातली असती तर उद्या आकडा पंधरावरून अकरावर उतरलेला दिसला असता. तेव्हा त्यांनी ते उद्यावर ढकललं, उद्या परवावर, आणि परवा साडूने स्वतःच विषय काढला.

शुक्रवार होता. खोलीत दोघंच होते. साडू खुर्ची सरकवत मास्तरांच्या टेबलाशी आला.

"दादा, एक विचारू? तो 'आलेलाच आहे का' तुकडा आहे ना, तो रिपोर्टाची वेळ बघतो. त्याच वेळेचा रिपोर्ट आधी आलेला असेल तर नवा टाकून देतो. म्हणजे एकच रिपोर्ट दोनदा जाऊ नये म्हणून."

"मग बरोबर आहे की."

"बरोबरच आहे. पण वेळ चुकीची आली तर चांगलाही टाकून देईल, असं मला वाटलं. वेळ देतो तुमचं घड्याळ. ते नीट आहे ना? म्हणजे माझंच काही चुकत असेल..."

त्याने हे इतकं हळू आणि आदराने विचारलं, की मास्तरांना ते कानाखाली मारल्यासारखं लागलं. एकवीस वर्षांत त्यांच्या पक्क्या नावाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तर याने!

"घड्याळापुढे प्रश्नचिन्ह दिसतंय का तुम्हाला, साडूभाऊ?" ते म्हणाले.

"नाही, नाही दादा," साडू लगेच म्हणाला. "तुम्ही बघितलंय म्हणजे प्रश्नच नाही." तो परत आपल्या जागेवर गेला आणि उरलेल्या तुकड्यांमध्ये डोकं घालून बसला. पुढचा अख्खा आठवडा तो तिथेच होता. शीळ बंद झाली. नेटवर्कवर संशय घेतला, फायलींवर घेतला, दोनदा स्वतःचीच नावं पहिल्यापासून तपासली. बुधवारी संध्याकाळी बाई त्याला म्हणाल्या, "काय साडू, गाडी अडली?" त्याचा चेहरा उतरलेला बघून मास्तरांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

शुक्रवारी सकाळी मास्तर इस्पितळात गेले. साडू तिथे दोनदा जाऊन आला होता आणि तिथले लोक त्याला नावाजत होते, तेव्हा आपणही गेलं पाहिजे एवढाच त्यामागचा हेतू. रक्त घ्यायच्या खोलीबाहेर बाकावर सहा-सात वर्षांची एक मुलगी आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली होती. आई खिडकीतल्या माणसाला विचारत होती, "परवाच दिलं ना हो रक्त? परत कशाला?" खिडकीतला माणूस म्हणाला, "कॉम्प्युटरने हरवलं, बाई." मुलीच्या कोपरावर आधीच्या सुईचा निळा डाग तसाच होता. मास्तर खाली मान घालून आत गेले.

आतल्या तंत्रज्ञाने त्यांना दोन्ही मशीनं दाखवली. "जुनं हे, आणि हे नवं, सहा महिन्यांपूर्वी आलेलं. नवं काल दिवसभर दुरुस्तीला उघडून ठेवलं होतं. गंमत बघा, काल एकही रिपोर्ट हरवला नाही."

मास्तर तिथेच उभे राहिले. दोन मशीनं असली की हरवतो, एक असलं की हरवत नाही. दोन मशीनं असली तर काय होऊ शकतं? दोघांचे रिपोर्ट एकाच क्षणी निघू शकतात. एकाच क्षणी म्हणजे एकाच वेळेचे. वेळ देतं घड्याळ.

ऑफिसात येऊन त्यांनी डबा बाजूला सारला आणि तो सात ओळींचा तुकडा उघडला. पहिल्या दोन ओळी वेळ विचारत होत्या. कॉम्प्युटर वेळ सांगतो ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. पाचव्या ओळीत त्या आकड्याला हजाराने भागून उरलेलं फेकून दिलं होतं. बस्स. एका सेकंदात दोन रिपोर्ट आले की दोघांची वेळ एकच, आणि दुसरा गेला कचऱ्यात. लिहिणाऱ्याच्या काळी मशीन एकच होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं. पाचवी ओळ मास्तरांनी मागच्या बुधवारीच वाचली असती तर बुधवारीच दिसली असती. त्यांनी इस्पितळाची यादी काढून मोजलं. बुधवारपासूनच्या नऊ दिवसांत तेवीस माणसांना दुसऱ्यांदा टोचलं होतं.

अंगाला घाम फुटला, पण गंमत अशी की त्या घामातही पहिला विचार आला तो, साडूला अजून सापडलेलं नाही, हा. दुसरा विचार प्रश्नचिन्हाचा आला. आत्ता गुपचूप ते परत घातलं तर? तक्त्यात नोंद नाही. अंदाज होता, आज तपासला, दोष सापडला. सगळं कसं सरळ. त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं. मग दोष सापडलाच आहे म्हणून ते रीतसर पुसलं, नाव पक्कं केलं, आणि बाईंच्या केबिनकडे निघाले. जाता जाता साडूलाही हाक मारली. त्याच्यासमोर सांगण्याची मजा सोडवत नव्हती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दोन रिपोर्टांमध्ये आपल्या बाजूने एक सेकंदाचं अंतर ठेवलं की झालं, हा उपायही मास्तरांनी सांगितला. बाईंचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास मास्तर," त्या म्हणाल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून थोडा वेळ आठवत राहिल्या. "पण काय हो, हे घड्याळ मागच्या बुधवारीच पक्क्या यादीत नव्हतं का? मला आठवतंय, कारण नाव बघून मी हसले होते."

त्यांनी साडूकडे बघितलं. साडू त्यांच्याकडे बघत होता. त्या नजरेत मास्तरांना स्पष्ट दिसलं, की याला मागच्या शुक्रवारचं बोलणं शब्द न् शब्द आठवतंय.

"ते माझ्यामुळे झालं असणार, बाई," साडू म्हणाला. "त्या बुधवारी मी तक्त्याचे रंग ठीक करत होतो. तेव्हा दादांची काही प्रश्नचिन्हं चुकून पुसली गेली असतील. माझा हलगर्जीपणा."

"असं होय," बाई जरा रुक्षपणे म्हणाल्या. "साडू, अशा कामात हात जपून चालवावा." आणि मास्तरांकडे वळून त्यांनी हात पुढे केला. खुर्चीचं त्यांच्या मनात त्याच क्षणी पक्कं झालं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

संध्याकाळी बायकोने ताट वाढता वाढता सांगितलं, "धाकटीचा फोन होता. तिचा नवरा घरी आल्यापासून तुमचंच गुणगान गातोय म्हणे. दादा नसते तर सगळ्यांचीच नोकरी गेली असती, म्हणाला. मी म्हटलं, अगं, मग माझ्या नवऱ्याला काय समजतेस तू!" ती खुशीत होती. मास्तर खाली बघून जेवत राहिले.

"तोंड का असं? आज तरी हसा."

"गुडघा दुखतोय."

गुडघा दुखत नव्हता. दुखत होतं ते असं, की साडूच्या जागी ते असते तर त्यांनी काय केलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अगदी आदराने, अगदी हळू आवाजात त्यांनी बाईंना मागच्या शुक्रवारची आठवण करून दिली असती. अशी वाक्यं ते दोन वर्षं मनात घोळवत होते. साडूला तशी संधी ताटात वाढून मिळाली, आणि त्याने ती उचलून बाजूला ठेवली. त्याच्या हुशारीचा हेवा करणं एक वेळ परवडत होतं. हुशारी माणूस जन्मताना घेऊन येतो, त्याला कोण काय करणार? हे मात्र कुणालाही करता येण्याजोगं होतं, मास्तरांनासुद्धा. आणि ते त्याने केलं होतं. इतका हेवा त्यांना उभ्या आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. मास्तर पाण्याची बाटली विसरले म्हणून परत आले. साडू एकटाच बसला होता. डब्याचं झाकण उघडं, घास तसाच, आणि पडद्यावर तक्ता. तक्त्यातल्या निळ्या रांगा.

"काय चाललंय, साडूभाऊ?"

साडू दचकला. "काही नाही दादा. सहज."

"सहज माझ्याच रांगा?"

साडूने पडदा झाकायचा अर्धवट प्रयत्न केला आणि सोडून दिला. मास्तर शेजारची खुर्ची ओढून बसले.

"चार होती," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या बुधवारी चार वाजता तुमची अकरा होती, पाचला पंधरा. एका तुकड्याला तुम्ही तास-दीड तास देता, दादा. मीही तळ बघतच होतो ना. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही एकटेच बघता?"

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"विचारलं की शुक्रवारी." साडू कसंनुसं हसला. "तुम्ही तडकलात. मला वाटलं, घाईत का होईना, बघितलं असणार. दादा न बघता पुसतील हे डोक्यातच येईना."

"आणि बाईंपुढे? तिथे का गप्प बसलात?"

"दादा, दोघी बहिणी दिवसातून तीनदा फोनवर बोलतात. तुमची फजिती माझ्या तोंडून झाली असती तर मला घरात कुणी जेवायला वाढलं असतं का?" मग त्याचं हसू गेलं. "खुर्ची मला नको होती असं नाही. हवी होती. पण ती अशी घेऊन बसलो असतो, तर रोज तुमच्यासमोरून केबिनमध्ये जाताना काय वाटलं असतं मला?"

मास्तरांनी पडद्याकडे बोट केलं. "बाकीची तीन?"

"कालच बघून झाली. ठीक आहेत. तिन्ही ठिकाणी तुमचा अंदाज बरोबर होता," साडू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. "आता उरलेली बघतोय. म्हणजे, तुमच्यावर अविश्वास असं नाही..."

तसंच होतं. तो बिचारा खोटं बोलायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते नीट जमत नव्हतं. मास्तरांनी बघितलेलं कुणीतरी परत बघत होतं, जेवणाच्या सुट्टीत, चोरून, त्यांचा मान राखून. खुर्ची मिळणार होती, पत्र टाइप होऊन बाईंच्या टेबलावर पडलं होतं. पण जिच्यासाठी खुर्ची हवी होती ती गोष्ट गेल्या शुक्रवारीच हातची गेली होती, आणि हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक ते आयुष्यभर पोटात ठेवणार होता, आनंदाने. ते आनंदाने ठेवणंच मास्तरांना सहन होईना.

ते उठले.

"कुठे दादा?"

"बाईंकडे."

साडूच्या लक्षात आलं. तो घाईने उठताना डब्याचं झाकण खाली पडून खणखणलं. "दादा, नका! झालं गेलं, दोष निघाला, आता एकही रिपोर्ट हरवत नाही. कशाला उगाच? आणि बहिणींना कळलं तर? दादा, अहो ऐका तरी!"

मास्तर गुडघा सांभाळत शक्य तितक्या भरभर चालत होते. साडू त्यांच्या बाहीला हात लावावा की लावू नये अशा बेताने मागून येत होता. केबिनचं दार उघडंच होतं. बाई पेन हातात घेऊन कागदावर वाकल्या होत्या.

"काय हो, दोघं एकदम?"

"बाई, घड्याळापुढचं प्रश्नचिन्ह याने पुसलं नव्हतं. मी पुसलं. तुकडा न वाचता. आणखी तीन तुकड्यांचीही पुसली."

बाईंनी पेन वर धरलं. "तुम्ही? का?"

खरं कारण इतकं पोरकट होतं की सांगताना मास्तरांचे कान तापले. "याची एकोणीस झाली होती," ते म्हणाले. "माझी अकराच होती."

बाईंनी विचारलं, "त्या दिवसांत किती लोकांना परत टोचलं?"

"तेवीस. मोजलेत मी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं, समोरचा कागद उचलला आणि सही न करताच खणात ठेवला. "बसा," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो लवकर जाणारा नव्हता.

मास्तर बसले. दारात साडू उभा होता, तोंड उघडं, आणि त्याला एक शब्द सुचत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच. आता खुर्ची गेली, उद्या घरी कळेल, सासरे फोनवर घसा खाकरतील, हे सगळं मास्तरांना दिसत होतं आणि त्या सगळ्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या तळाशी, अगदी एवढीशी, एक खुशी होती. निदान ही एक गोष्ट तरी साडूच्या आधी आपण केली.